रिकाम्या डब्याची नोटीस

आमच्या गल्लीत कचराच नव्हता. सगळं भांडण तिथूनच सुरू झालं.

खोटं नाही सांगत. स्टेशनामागं वीस घरं. भाजीची सालं, देठं, विटलेली भाकर पंचफुलाबाईच्या तीन बकऱ्या खात. चुलीतली राख भांड्याले लागे. चिंध्या गोधडीत जात. कागद घरात आलाच तर चूल पेटवाले. हाडूक निघालं तर लंगडा कुत्रा दारात बसलेलाच. कापूस वेचल्यावर उरलेली पऱ्हाटीची काडीही आमी मोजून जाळतो. मंग फेकावं काय?

अन् एकसष्ट साली नगरपालिकेनं नियम काढला की प्रत्येक घरानं दारात दोन डबे ठेवावे. घासलेटचे रिकामे पिपे चालतील. एकाले डांबर फासाचं, तो ओल्याचा. दुसऱ्याले चुना माराचा, तो सुक्याचा. सकाळी सातच्या आत दोन्ही उंबऱ्याबाहेर. ओल्याचं गावाबाहेर खड्ड्यात खत होणार, ते कास्तकाराले विकणार. सुक्यातला काच-पत्रा वेगळा होणार. दवंडी झाली. चौकात कागद लागला. तो कागद मीच टाईप केला होता.

मी देवमन. नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात टायपिस्ट, पण तात्पुरता. मॅट्रिक अर्ध्यातच सुटलं. टायपिंग कोणी शिकवलं नाही; एका वकिलाच्या ओसरीत जुनं मराठी मशीन पडून होतं, तिथं झाडझूड करता करता त्याच्यावर बोटं बसवली. सहा महिने भरले की कमिटी कायम करते. आमच्या घरात आजवर कोणी कायम नव्हतं. बाप कापसाच्या जीनमधी गाठी उचले, तो गेला. माय त्याच जीनमधी कापसातली कवडी, म्हणजे किडका कापूस, काढे. कापूस असला की हजेरी, संपला की घरी. म्हणून कायम हा शब्द माय हळूच बोले. जोरानं बोललं तर तो पळून जाईन, असं.

आमचं गाव अकोला अन् अमरावतीच्या मधात. अकोल्याचे लोक आमाले अमरावतीकडचे समजतात, अमरावतीचे अकोल्याकडचे. मेलगाडी थांबत नाही. पण खताच्या योजनेचा साहेब थांबला. अमरावतीहून आला, नकाशा पसरला अन् सांगून गेला की दर घरी रोज दीड शेर कचरा निघते. वीस घरं, तीस शेर. आमच्या गल्लीतून गाडीत पडत होता चार शेर. म्हणजे बाकीचा सव्वीस शेर आमी कुठंतरी लपवून राहिलो होतो.

देवराव दरोगा वही घेऊन आला. सफाईचा दरोगा, पोलिसाचा नाही, पण मिशा तशाच. पंचफुलाबाईच्या दारात त्यानं काळा डबा काठीनं वाजवला.

"डबा रिकामा काहून?"

"टाकाले काही नाही म्हणून."

"असं होतच नाही. दर घरी दीड शेर निघते. साहेबानं मोजलं."

"साहेबानं सोताच्या घरचं मोजलं असंल," पंचफुलाबाई म्हणे. "आमच्या घरी दीड शेर तं सैपाक नाही होत. कचरा कुठून होईन?"

"मंग नालीत टाकत असान."

"हे पाहा नाली. घाला हात. सापडलं तं तुमचंच."

गल्ली हसली. दरोगा नाही हसला. दुसऱ्या दिवशी तिच्या दारावर नोटीस लागली: डबा रिकामा आढळला, कचऱ्याची विल्हेवाट कुठे लावली याचा खुलासा करावा. अशा तीन नोटिसा झाल्या की कोर्ट.

नोटीस मीच टाईप केली होती. घर नंबर सतरा. आमचं अठरा. भिंतीले भिंत.

मंग गल्लीनं तोड काढली. कचरा उसना घ्याचा.

सकाळी सहालेच बाया वाट्या घेऊन हिंडत. "सालं हायेत का वं वाटीभर? दरोगा गेला का देते वापस." खरंच वापस देत. दरोगा वही लिहून पुढं गेला की काळ्या डब्यातली सालं निघत अन् कचऱ्याची गाडी यायच्या आत बकऱ्यांपुढं पडत. पांढऱ्या डब्यासाठी एक फुटकी बशी होती, लाल फुलाची, अर्धीच. मूळची एकोणीस नंबरच्या गोवर्धन शिंप्याच्या घरची. ती एक बशी सगळ्या गल्लीले पुरे. दरोगा चार नंबरवरून वळला की चार नंबरची बशी मागच्या दारानं पाचवर पोचलेली. पुढं दरोगा, मागं बशी. वीस घरं झाली की ती नहाणीच्या दगडावर ठेवत, दुसऱ्या दिवसासाठी.

आता हापिसात घोळ झाला. दरोग्याच्या वहीत लिहिलेलं की सगळ्या डब्यात कचरा आहे, अन् गाडीत भरला चारच शेर. साहेबाचं पत्र आलं: मधातला कचरा जाते कुठं? लगेच नवा हुकूम: उंबऱ्याबाहेर आलेला कचरा नगरपालिकेच्या मालकीचा, तो परत घेणे म्हणजे चोरी. हाही मीच टाईप केला. टाईप करताना मले बकऱ्या दिसत होत्या.

हुकूम निघाल्यावर दरोगा अचानक वापस फिराले लागला. पुढं गेल्यासारखं करे अन् अर्ध्या गल्लीतून उलटा येई. कोणाच्या हातात सालं, कोणाच्या पदरात बशी. दीड महिन्यात चौदा घरांले नोटिसा झाल्या.

आमाले एकही नाही.

आमचा डबा तर सगळ्यात रिकामा. दोन माणसांचं घर. माय सालासकट भाजी शिजवे. तरी नाही. दरोगा आमच्या दारापर्यंत येई, डब्याकडं पाही, माह्याकडं पाही, अन् "बरं आहे न?" म्हणून पुढं जाई. त्याच्या नोटिसा मी टाईप करतो, म्हणून असंल. मीनं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, अन् मंग मले काहीतरी करा लागलं असतं.

गल्लीनं मात्र हिशेब केला.

गोवर्धन मशीन दारातच लावून बसे. पायडल मारता मारता सगळ्या गल्लीवर नजर. एका सकाळी मी हापिसात चाललो होतो, तो कोणाशी तरी बोलून राहिला होता, पण ऐकू मले येईन असं.

"दरोगा वापस कवा फिरते, हे त्याच्या आंगात येते काय? कोणीतरी सांगत असंलच न. कोणाची बशी, कोणाची सालं. हापिसात बसून कोण काय टाईप करते, आपल्याले काय दिसते?"

मी थांबलो. "गोवर्धनभाऊ, माह्याबद्दल बोलून राहिले का?"

"तुह्यं नाव घेतलं का बे मीनं?" त्यानं सुईत दोरा ओवला. "तू थांबला काहून पण?"

पंचफुलाबाईचा संशय माह्यावरच थांबत नव्हता, कायद्यापर्यंत जात होता. ती म्हणे, "छप्पन साली दीक्षा घेतली अन् आमी गावकीची घाण कामं टाकून देल्ली. पाच वर्सं नाही झाली, तं कायदा काढून दारातच घाण मांडाले लावून राहिले. रोज सकाळी उठून कचरा दाखवा. याच्यात काहीतरी हाय." मीनं सांगितलं की नियम सगळ्या गावाले आहे, वकिलाच्या आळीलेही आहे. तर म्हणे, "तथी दरोगा काठी वाजवते काय? तू जाऊन पाह्यलं?"

नव्हतं पाहिलं.

मायनं घरी काही सांगितलं नाही. मी हापिसातून आलो की भाकर वाढे, अन् संध्याकाळी प्रौढ वर्गाले जाई. समाजमंदिरात कंदिलाखाली बाया अक्षरं गिरवत. माय आता पोस्टावरची पाटी वाचे, हळूहळू, बोट ठेवून. रविवारी माहा एकुलता पांढरा सदरा धुवून नीळ देई. "हापिसात जाणाऱ्याचा सदरा पिवळा नसावा," म्हणे.

मले दिसलं नाही असं नाही. बशी आमच्या परसातूनच जाई, सतरावरून एकोणीसवर, काट्याच्या कुंपणावरून, हातोहात. आमच्या डब्यात कधी थांबत नसे. मायकडं सालं कोणी मागत नसे, तिले कोणी देत नसे. मले वाटे, बरं आहे, भानगड नाही.

मंग तो अर्ज आला.

खात्याची टपाल मीच उघडतो. पाकीट नव्हतंच, वहीचं पान चार घड्या घालून, कणकेच्या लेहीनं चिकटवलेलं. आत मोठी मोठी वाकडी अक्षरं. शाई फिक्कट निळी, पाणी घातल्यासारखी.

"दरोगा साहेबाले. स्टेशनामागं घर नंबर अठरा. इंदूबाईचा डबा रोज रिकामा राह्यते. तिले नोटीस काहून नाही. कायदा सगळ्याले एक पाहिजे. चौकशी करावी."

खाली नाव नाही.

समोर हेडक्लार्क मोरोपंत विडा लावत बसले होते. म्हातारा माणूस, चाळीस वर्षं त्याच खुर्चीवर. आठच दिवसांपूर्वी मले जवळ बोलावून म्हणाले होते, "देवमन, अठ्ठावीसला कमिटी आहे. तुझं नाव मी वर टाकलंय. तोवर काही लचांड नको. ज्याच्या घरावर आरोग्य खात्याचीच नोटीस, त्याला आरोग्य खात्यात कायम कसं करणार? समजलं ना?"

समजलं होतं. मीनं पानाले पुन्हा चार घड्या घातल्या अन् ते सदऱ्याच्या खिशात टाकलं. आवक वहीत चढवलं नाही. हापिसात राहून मीनं दाबलेला तो पहिला कागद. मोरोपंतांनी विडा तोंडात टाकला अन् माह्याकडं पाहिलं. की नाही पाहिलं. मले तेव्हापासून सगळे माह्याकडं पाहून राहिले असंच वाटे.

आता मले एकच ध्यास. लिहिलं कोणं?

पयला संशय गोवर्धनवर. पण तो गिऱ्हाइकाचं माप पेन्सिलनं लिहिते, अन् शाईत पाणी घालाले घरात शाई तर पाहिजे. दुसरा पंचफुलाबाईवर. तिले लिहिता येत नाही, पण तिची पोरगी ललिता शाळेत जाते, वही असंलच. तिसरा दोन नंबरवाला. चौथा सात नंबरवाला. रस्त्यानं कोणी नमस्कार केला तर वाटे, हा काहून करून राहिला? नाही केला तर वाटे, हाच.

मंग डोक्यात आलं. वहीचं पान फाडलं म्हणजे त्याचा जोडीचा अर्धा राहिला असंल. सुका कचरा. पांढरा डबा.

खरं सांगतो, लाज वाटते. तीन दिवस मी सूर्य उगवताना उठलो अन् गल्लीतले पांढरे डबे पाहिले. वाकून, हात घालून. दरोग्यानंही असं कधी पाहिलं नसंल. सापडलं काय? एक गंजका खिळा. बाभळीची काडी. अन् दर चौथ्या घरी तीच ती लाल फुलाची बशी, माह्या पुढं पुढं चाललेली.

तिसऱ्या दिवशी पंचफुलाबाई बकरीखालून उठली, हातात दुधाचा गंज.

"काय शोधून राहिला बे माह्या डब्यात?"

"काही नाही, मावशी."

"काही नाही तं हात कोपरापर्यंत काहून गेला?" तिचा आवाज चढला. दारं उघडली. "पाहा वं बायांनो, दरोगा कमी पडला म्हणून टायपवाला आला! कचऱ्याचीही झडती घेऊन राहिले आता!"

गोवर्धन दात घासत बाहेर आला. त्यानं तोंडातलं थुंकलं अन् सावकाश म्हणे, "मी नाव घेतलं नव्हतं. घेतलं होतं काय?"

माय दारात उभी होती. तिनं माह्याकडं पाहिलं नाही. पाण्याचा गुंड उचलला अन् नळाकडं गेली. नळावरच्या बाया बाजूले झाल्या. जागा देली असं वाटलं मले आधी. मंग दिसलं, तिच्यापासून सरकल्या होत्या. तिचा गुंड भरेपर्यंत कोणी बोललं नाही. ती तो भरून निघाली अन् बोलणं सुरू झालं.

शनिवारी हापिसात पोचलो तर मोरोपंतांच्या हातात वहीचं पान. चार घड्या. फिक्कट निळी अक्षरं. आज टपाल त्यांनी उघडली होती.

"देवमन, घर नंबर अठरा कोणाचं रे?"

"आमचं."

त्यांनी वाचून दाखवलं, चष्मा कपाळावर चढवून. "पयल्या अर्जाचं काय झालं. हापिसात कोणी दाबला काय. आता जबाब नाही आला तं अमरावतीच्या साहेबाले लिहीन." पान टेबलावर ठेवलं. "पहिला अर्ज आवकात दिसत नाही."

मी मशीनकडं पाहत राहिलो.

"बरं," मोरोपंत म्हणाले. "हाही मी अजून चढवला नाही. मंगळवारी कमिटी. बुधवारी चढवला तर तोवर तू कायम. सोमवारी चढवला तर नाही. टपाल एक-दोन दिवस पडून राहते, त्यात काही नवल नाही. सोमवारी सकाळी तूच मला सांग." त्यांनी पानडब्यातून सुपारी काढली. "आणि जो कोणी लिहितोय ना, त्याला सोडू नको. तुझ्यावर फार दात आहे त्याचा."

ही दया होती का परीक्षा, मले अजून कळलं नाही.

रविवार. माय परसात बसून सदरा धूत होती. मी दारात बसून मनातल्या मनात वीस घरं मोजून राहिलो होतो. गोवर्धन, ललिता, दोन नंबर, सात नंबर. तिनं निळीचा वाडगा घेतला, सदरा बुडवला, पिळला. वाडग्यात एक काडी होती. खराट्याची. तिचं टोक विळीनं काढलेलं, तिरपं, बरूची लेखणी काढतात तसं. अन् टोक निळं.

मी जवळ गेलो.

"माय, हे काय?"

"नीळ."

"काडी काहून त्याच्यात?"

"ढवळाले."

"ढवळाले टोक काढा लागते?"

ती सदरा पिळत राहिली. पाणी संपलं तरी पिळत राहिली. तिच्या अंगठ्याजवळचं बोट निळं होतं. दर रविवारी असतेच, मीनं कधी पाहिलं नव्हतं.

"शाई आनाले तुलेच पैसे मागा लागले असते," ती म्हणे. "मंग तू विचारलं असतं, माय काय लिवते."

मीनं ती काडी उचलली. "तूनं आपल्याच घरावर तक्रार केली?"

"मंग काय दुसऱ्याच्या घरावर करू? ते बरं दिसते काय?"

"कोणी सांगितलं तुले हे?"

"कोन सांगन? माह्याशी कोनी बोलते काय?" तिनं सदरा झटकला, माह्या तोंडावर निळे थेंब उडाले. "तूनं पाह्यलं न परवा नळावर. चौदा घराले नोटिसा, अन् इंदूबाईच्या घराले नाही. काहून नाही? पोरगा चाहाडी खाते म्हणून. मले तोंडावर म्हनलं असतं तं मी जबाब देल्ला असता. तोंडावर कोनी म्हनत नाही. बशी माह्या डोक्यावरून जाते, देवमन. माह्या परसातून. मीनं वाटी घेऊन पंचफुलाले सालं मागतली, तं म्हने, तुले काय गरज, तुह्या घरी तं हापिस हाय. मंग मीनं म्हनलं, येऊ दे आपल्या दारावरबी कागद. सगळ्यायसारखा. मंग तं बोलतीन."

"मंगळवारी मले कायम करणार होते, माय. घरावर नोटीस असली तर करत नाहीत."

तिचे हात थांबले.

"हे कवा सांगतलं तूनं मले?"

"तू कवा विचारलं?"

सदऱ्यातून पाणी टपकत होतं. पलीकडं पंचफुलाबाईची बकरी काट्याच्या कुंपणात तोंड घालून आमच्याकडं पाहत होती. मायनं तिले हुसकलं. मंग हळू म्हणे, "तं मंग फाडून टाक. दुसराबी फाड. मी नाही लिवत आता."

मीनं काडी वाडग्यात ठेवली.

"पयला कुठी गेला?" तिनं विचारलं. "टपालपेटीत मीनं माह्या हातानं टाकला होता."

"माह्या खिशात होता."

"होता म्हन्जे?"

"आहे. ट्रंकेत. मीनं चढवला नाही."

ती माह्याकडं पाहत राहिली. रागानं नाही. दरोगा डब्यात पाहते, तसं पाहिलं.

"मंग गोवर्धन खरंच बोलते," ती म्हणे. "तू कागद दाबतो."

सदरा तिनं दोरीवर टाकला. पाठ माह्याकडं करून दोन्ही बाह्या सरळ केल्या, जरा जास्तच वेळ.

सोमवारी मीनं ट्रंकेतलं पान काढलं अन् मोरोपंतांच्या टेबलावर दुसऱ्याशेजारी ठेवलं.

"दोन्ही चढवा. आजच्या तारखेनं."

त्यांनी दोन्ही पानं उन्हाकडं धरून पाहिली. "कोण निघाला?"

"आमच्याच घरातलं."

त्यांना ते खोटं वाटलं असावं. तोंड तसं केलं. पण वही ओढली अन् चढवले. मंग मीनं मशीनमधी तीन कागद, दोन कार्बन घातले. आजवर नोटिसा मी मशीनकडं न पाहता टाईप करे. ही पाहून केली. श्रीमती इंदूबाई मोतीराम, घर नंबर अठरा. डबा रिकामा आढळला.

दरोगा नोटीस घेऊन निघाला तर दारातूनच वापस आला. "काहून बे? मी सांभाळून नव्हतो घेत काय तुले? तुले कधी सांगा लागलं काय?"

"नाही. पण मीनं तुमाले थांबवलंही नाही," मी म्हणालो.

"येडा आहे," तो मोरोपंतांले म्हणाला, अन् लेहीचा डबा घेऊन गेला.

मंगळवारी कमिटी झाली. माह्या नावापुढं लिहिलं: तीन महिने मुदतवाढ, तात्पुरती. मोरोपंत म्हणाले, "पुढच्या वेळी पाहू." पुढच्या वेळी म्हणजे ते रिटायर झाल्यावर. त्यांनी ते बोलून नाही दाखवलं, मीनंही नाही.

संध्याकाळी घरी आलो तर आमच्या दारासमोर गर्दी. नोटीस कालच लागली होती, पण गल्ली आज हिंमत करून जवळ आली होती. गोवर्धन नाक लावून वाचून राहिला होता.

"छापलं तं बरोबर हाय," तो म्हणे. "पण हे त्याच्याच मशीनीचं. घरीच आणून लावली असली तं? दाखवाले?"

"शिक्का हाय काय खाली?" पंचफुलाबाईनं विचारलं.

"हाय."

"खरा हाय?"

गोवर्धननं अंगठा जिभेले लावला अन् शिक्क्यावर घासला. जांभळी शाई पसरली. त्यानं अंगठा सगळ्यांले दाखवला. "शाई सुटते. खरा दिसते." मंग माह्याकडं वळला. "पण एकच काहून? चौदा घराले दोन दोन झाल्या."

"होईन न दुसरी," माय आतून म्हणे. "डबा तं रिकामाच हाय."

कोणीतरी फिसकन हसलं. पंचफुलाबाई हसली नाही. तिनं मले आडवं विचारलं, "अन् तुहं कायमचं काय झालं? आज होतं म्हने."

तिले कसं कळलं, हा संशय मले आधी आला. मंग म्हटलं, "तीन महिने पुढं गेलं."

"याच्यापायी?" तिनं नोटिशीकडं हनुवटी केली.

मी मान हलवली. तिनं माह्याकडं, मंग आतल्या अंधारात मायकडं पाहिलं, अन् बकऱ्या बांधाले गेली. गर्दी पांगली. माफी कोणी मागितली नाही. मी वाटही नाही पाहिली.

सकाळी सहाले मायनं डबे बाहेर ठेवले. मी आंघोळ करून आलो तर ती पांढऱ्या डब्याजवळ उकिडवी बसलेली, आत पाहून राहिली होती. मीही वाकलो.

तळाशी लाल फुलाची बशी. अन् काळ्या डब्यात मूठभर दोडक्याची सालं.

"कोणं टाकली?" मी विचारलं.

"आता शोधू नको," माय म्हणे. "तुह्या शोधन्यापायीच हे झालं."

तरी मी शोधलंच. सतरा नंबरच्या दाराकडं पाहिलं. तिथून दरोगा वळतच होता, पंचफुलाबाई दिसली नाही. मनात आलं, ही दया आहे का? का मले उसन्या कचऱ्यात ओढून पाहत आहेत, की हा आता हापिसात सांगते का नाही ते? रंगेहात पकडाले? तोवर दरोगा आमच्या दारात. काठीनं काळा डबा वाजवला, पांढऱ्यात वाकला, बशी ओळखल्यासारखा थांबला. ओळखणारच, दीड महिना रोज पाहत होता. त्यानं माह्याकडं पाहिलं. मीनं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं वहीत लिहिलं: अठरा, आहे.

माय फुसफुसली, "उभा काहून? एकोणीसले द्या लागते न ती! जा मांगून!"

बशी सदऱ्याखाली घातली अन् पळालो. नगरपालिकेचा टायपिस्ट, नगरपालिकेच्या मालकीचा कचरा पोटाशी धरून, काट्याच्या कुंपणावरून. निळीचा सदरा खिशापाशी फाटला.

गोवर्धन मागच्या दारात हात पुढं करूनच उभा होता. त्यानं बशी घेतली. पण लगेच आत नाही गेला. उलटी केली, उन्हात धरली, काठावरून बोट फिरवलं. मीनं कुठं खूण केली का, हेच पाहून राहिला होता.

"आनखी फोडली तं नाही न?" त्यानं विचारलं.

"नाही."

"उद्या लौकर आन," तो म्हणे. "दरोगा पायरीजवळ येईस्तोवर माहा जीव वर जाते."